आधी कुठे अडलंय ते बघ

रामबाग, इंदूर

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तो लॅपटॉप ११ काही घेणार नाही, तेव्हा त्यावर मिंट (विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची सिस्टिम) टाकायचं ठरवलंस ते बरं केलंस. पण लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही म्हणून पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा फॉरमॅट करत बसू नकोस.

गाडी तीनपैकी एका ठिकाणी अडते. बूट मेनूत, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीत, पेनड्राइव्हचं नावच येत नाही. नाव येतं पण निवडल्यावर काळा पडदा, नाहीतर परत विंडोजच उघडतं. किंवा मिंटचा मेनू येतो आणि त्यापुढे सगळं ठप्प. पहिल्यात बहुतेक वेळा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) किंवा पोर्ट, दुसऱ्यात पेनड्राइव्ह बनवण्याची पद्धत किंवा सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारा पहारा), तिसऱ्यात ग्राफिक्स नाहीतर रॅम. तुझं कुठलं, ते पत्रावरून कळत नाही, म्हणून तिन्हींबद्दल लिहितो.

बूट मेनूची की प्रत्येक कंपनीची वेगळी. डेलला एफ-१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ-९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप, लेनोव्होला एफ-१२ किंवा कडेला असलेलं बारीक छिद्र, ज्यात टाचणी घालून बटण दाबायचं. एसरलाही एफ-१२, पण तो मेनू पुष्कळदा बायोसमध्ये बंद असतो. एफ-२ ने आत जाऊन चालू करावा लागतो. पॉवरचं बटण दाबल्याबरोबर की टकटक दाबत राहायची. कंपनीचा लोगो दिसल्यावर दाबलीस तर बहुतेक उशीर झालेला असतो.

आणखी एक. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर अर्धी सिस्टिम डिस्कवर गोठवून ठेवलेली असते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन कर. बायोसमधलं फास्ट बूटही बंद कर, कारण वेळ वाचवायला ते यूएसबी तपासणंच टाळतं. की काही केल्या लागत नसेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट कर. निळा पडदा येईल, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ असेल तर तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो. हा पर्याय फक्त यूईएफआय (बायोसची नवी पिढी) मशीनवर दिसतो.

तरी नाव येत नसेल तर पोर्ट बदल. निळ्या जिभेचा पोर्ट यूएसबी ३ चा, काळ्याचा बहुधा २ चा. जुन्या बायोसला ३ वरून बूट करायला जमेलच असं नाही. काळ्यात लाव, आणि मध्ये हब नको. काही जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह ‘यूएसबी’ खाली नसतोच, ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ या ओळीच्या पोटात दडलेला असतो. एंटर मारून ती ओळ उघड.

आता पेनड्राइव्ह. खरा घोळ इथेच असतो. नुसती आयएसओ फाइल (मिंटची डाउनलोड केलेली अख्खी प्रत) कॉपी करून चालत नाही, ती रुफससारख्या प्रोग्रॅमने लिहावी लागते. त्याआधी लॅपटॉपवर विंडोज आणि आर एकदम दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) टाईप कर आणि ‘बायोस मोड’ समोर काय लिहिलंय ते बघ. ‘लेगसी’ (जुना बायोस) असेल तर रुफसमध्ये पार्टिशन स्कीम, म्हणजे डिस्कच्या विभागणीची पद्धत, एमबीआर ही जुनी ठेव. ‘यूईएफआय’ असेल तर जीपीटी ही नवी. जुन्या लेगसी मशीनला जीपीटीचा पेनड्राइव्ह दिलास तर एक तर कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहतो, नाहीतर ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ येतं, आणि माणूस उगाच हार्ड डिस्कवर संशय घेतो. फाइल सिस्टिम फॅट३२ च राहू दे, बरीच यूईएफआय मशीन तेवढंच वाचतात. (विंडोजच्या पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. त्यातली इन्स्टॉल.विम ही एकच फाइल ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ मध्ये मावत नाही.) मिंटला ८ जीबीचा पेनड्राइव्ह भरपूर झाला.

काही पेनड्राइव्ह मेनूत दोनदा दिसतात, एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा नुसते. विंडोज ज्या मोडमध्ये आहे त्याच मोडची ओळ निवड. पेनड्राइव्ह ज्या मोडमध्ये सुरू होतो त्याच मोडमध्ये मिंट बसतं. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असशील आणि मोड वेगळे पडले, तर नंतर दोन्हींतून निवडायचा मेनूच मिळत नाही.

डाउनलोड अर्धवट झाल्याचा संशय असेल तर रुफसमध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारी बरोबरची खूण असते, ती दाब. शा-२५६ चा, म्हणजे फाइलवरून काढलेला, लांबलचक आकडा मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. न जुळल्यास पेनड्राइव्हला दोष देण्यात अर्थ नाही. तोच पेनड्राइव्ह शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय: तिथे मिंटचा मेनू आला की पेनड्राइव्ह निर्दोष सुटला.

सिक्युअर बूट २०१२ च्या विंडोज ८ बरोबर आलं. मिंटला ते सहसा आडवं येत नाही. पण आयएसओ जुनी असेल तर येतं: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुने लिनक्स बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम) नाकारले जायला लागले. पडद्यावर ‘एसबॅट’ आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दिसतं आणि मशीन बंद. नवी आयएसओ घे किंवा सिक्युअर बूट बंद कर. एसरमध्ये तो पर्याय फिका दिसतो आणि हलत नाही. आधी सुपरवायझर पासवर्ड टाकला की मग बदलता येतो. तो पासवर्ड लिहून ठेव, किंवा काम झाल्यावर काढून टाक, नाहीतर पुढे बायोस उघडताना पंचाईत. एचपीमध्ये बदल सेव्ह केल्यावर पुढच्या वेळी चार आकडी कोड येतो; तो टाकून एंटर मारला तरच बदल लागू होतो.

दर वेळी तारीख मागे जात असेल आणि बायोसमधले बदल पुसले जात असतील तर सीमॉसचा, म्हणजे घड्याळ आणि बायोसची सेटिंगं जपणारा, सेल गेला. तो ३ व्होल्टचा सीआर२०३२, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याला दोन तारा आणि बारीक प्लग जोडलेला असतो, वरून प्लॅस्टिकचं वेष्टण. घड्याळवाल्याकडचा सुटा सेल तिथे बसत नाही. खोलण्याआधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढ. तिकडे लष्कर भागातल्या बाजारात नाही मिळाला तर कळव, इथे सिल्व्हर मॉलमध्ये विचारतो आणि कुरियरने पाठवतो.

मिंटचा मेनू येऊन पुढे काळोख झाला तर त्याच मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवड, जुन्या ग्राफिक्सला तो चालतो. तरीही अडलं तर रॅम काढून तिचे सोनेरी काठ खोडरबराने पुसून परत बसव. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघ.

चालू झालं की ‘इन्स्टॉल’वर हात टाकू नकोस. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालतंय, तेवढ्यात काकांचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) नीट उघडलं नाही किंवा त्यात काही लिहिता आलं नाही तर समज, फास्ट स्टार्टअप अजून चालू आहे. वाचून कॉपी करण्यापुरतं ते चालतं. वायफाय, आवाज, टचपॅड हे सगळं तिथेच तपासून घे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शिरीष