पाणी कोण देणार, हे न सांगताच घर विकल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक विभाग

विषय: दापोली तालुक्यातील आपल्या प्रकल्पात, बंगला क्र. ७ ला पाणी नसल्याबाबत

महोदय,

गेल्या दिवाळीत आम्ही आपल्याकडून हा बंगला घेतला. आपल्या पत्रकात ‘चोवीस तास पाणी’ असं छापलेलं आहे, प्रत सोबत जोडली आहे. पाणी कोण देणार, हे त्यात नाही. आपल्या माणसांना विचारलं की ‘सगळी सोय आहे, काकू’ एवढंच उत्तर यायचं.

मार्चपर्यंत बोअर बरी चालली. एप्रिलमध्ये एका सकाळी चहा नासला. दूध बदललं, पुन्हा नासला. सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर मचूळ झालंय." तेव्हापासून डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. प्रयोगशाळेत तपासून घेतलं तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला २,३१० मिलिग्रॅम. तो ५०० च्या आत असावा, दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालतो, असं मानक आहे. शेजारच्या वाडीतले आजोबा म्हणाले, "इथे गोडं पाणी वर, खारं खाली. तुमची बोअर खोल गेली आणि उपसाही फार." त्यांच्या उथळ विहिरीचं पाणी आजही गोड आहे. बारा बंगल्यांसाठी एकच बोअर मारण्याआधी आपल्यापैकी कोणीतरी त्यांना विचारायला हवं होतं.

नळासाठी मी स्वतः हिंडले. आधी जीवन प्राधिकरणाच्या, म्हणजे राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेच्या, कार्यालयात गेले. या गावाची योजना त्यांच्याकडे नाही. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कळलं की योजना त्यांनी केली, पण नळजोडणी ग्रामपंचायत देते. तिथे ग्रामसेवकांनी नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टी आकारणीची, वही उघडून ओळीओळीवरून बोट फिरवलं. आमच्या घराची नोंदच नाही. नोंद नाही म्हणून घरपट्टी नाही, घरपट्टी नाही म्हणून नळ नाही. आणि नोंदीला लागणारी कागदपत्रं अजून आपल्याच कार्यालयात आहेत! गावात जलजीवन मिशनचे नळ आले आहेत, माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने. ती पाइपलाइन आमच्या कुंपणापासून चाळीस पावलांवरून जाते.

सध्या आम्ही आठवड्याला दोन टँकर विकत घेतो. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना पाणी जपून वापरा असं रोज सांगताना मला वाईट वाटतं.

१५ दिवसांत बाराही घरांची कागदपत्रं ग्रामपंचायतीत जमा करावीत आणि जोडणीचा खर्च आपण भरावा. नळ येईपर्यंत टँकरचे पैसेही आपणच द्यावेत. आजवरच्या पावत्या जोडल्या आहेत. तसं न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) तक्रार करू. उत्तर फोनवर नको, लेखी द्यावं.

आपली,
बंगला क्र. ७ ची मालक

सोबत: पत्रक, पाणी तपासणी अहवाल, टँकरच्या पावत्या