बेरीज

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलतच होतो, आणि पलीकडे कोणी नाही हे मला काही वेळाने उमगले. राग आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण राग ओसरल्यावर लक्षात आले, की कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्याचे तू मोठ्या कष्टाने सांगितलेस आणि त्यावर मी पहिलाच प्रश्न विचारला तो 'एकूण देणे किती आहे?' हा. ती वेळ तो प्रश्न विचारण्याची नव्हती, असे आईने मला त्यानंतर दोनदा ऐकवले आहे. म्हणून लिहायला बसतानाच ठरवले, की या पत्रात आकडा विचारायचा नाही.

'आता माझी पत संपली,' असे तू म्हणालास, ते मला लागले. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेल्या माणसाचे एवढे ऐक. अर्ज तपासणारा तुझ्या चांगुलपणाचे माप काढत नसतो. हातात येणाऱ्या पगारातला किती भाग आधीच हप्त्यांकडे जातो हे तो पाहतो, आणि तो भाग ४०-५० टक्क्यांच्या पुढे सरकला की पुष्कळ ठिकाणी अर्ज तिथेच अडतो, मग अर्जदाराचा आजवर एकही हप्ता चुकलेला नसो. नकाराचे कारण त्यांच्याकडे लेखी माग. तुझा पतअहवालही मागवून ओळ न् ओळ वाच. फेडून संपवलेले एखादे जुने कर्ज तिथे अजून चालू दिसत असेल, तर ते दुरुस्त करून घेता येते. गाडीचे कर्ज फेडल्यावर तू थकबाकी नसल्याचा दाखला घेतला होतास का? घेतला असशील. तू कागद सांभाळणारा मुलगा आहेस, निदान होतास.

हे शेवटचे दोन शब्द खोडणार होतो, पण खाडाखोड केलेले पत्र तुला लहानपणापासून आवडत नाही.

हट्टाने आणखी चार ठिकाणी अर्ज करू नकोस, एवढे मात्र बजावून सांगतो. प्रत्येक अर्जाबरोबर पतअहवालात चौकशीची नोंद पडते, आणि थोड्या दिवसांत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की पुढच्याला तू पैशांच्या निकडीला आलेला माणूस वाटतोस. सगळी जुनी देणी एका नव्या कर्जात गोळा करण्याचा तुझा विचार मुळात चुकीचा नव्हता, हे मी फोनवरच कबूल करायला हवे होते. व्याज खरोखर कमी पडत असेल तर तो उपयोगी ठरतो. मात्र हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत लांबवली तर एकूण व्याज वाढते, आणि देणे फिटून मोकळे झालेले क्रेडिट कार्ड पुन्हा वापरात आले तर एका कर्जाची दोन होतात.

'कार्डाची किमान रक्कम तर दर महिन्याला भरतोच आहे,' असे तू म्हणालास, म्हणून काल कागद घेऊन बसलो. समज, देणे १०० आहे, महिन्याला ३ टक्के व्याज चढते आणि व्याज धरून होणाऱ्या रकमेच्या ५ टक्के तू भरतोस. नवी एकही खरेदी न करता वर्षभर असे चालले, तर तुझ्या खिशातून सुमारे ५५ जातात आणि वर्षअखेरीस सुमारे ७७ उरतातच. मी हे तीनदा पडताळून पाहिले. मागची बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज लागते, ते यात धरलेलेही नाही. तेव्हा बाकीचे हप्ते चुकू न देता, जादा जे काही भरता येईल ते सर्वांत महाग व्याजाच्या देण्यावर आधी टाक. आणि एखादा हप्ता चुकणार असे दिसले तर तो चुकण्याच्या आधी त्यांना भेट, कारण मुदत वाढवून मागणाऱ्याचे म्हणणे थकबाकीदारापेक्षा अधिक शांतपणे ऐकले जाते. खरी बाकी कळली असती तर १०० धरण्याऐवजी तुझेच गणित मांडून दिले असते.

पाहा, विचारणार नाही म्हणालो होतो. शिवाय शिकवणीही सुरू झाली. तू चाळिशीला आलास, हे पत्र लिहिताना मी विसरतो, त्याबद्दल माफ कर.

तू तिसरीत असताना कॅलेंडरच्या मागे हिशेब लिहायचास, आठवते? 'ताईकडून येणे ४, तिने दिले १, बाकी ३.' आणि त्याच्याच खाली दुसऱ्या दिवशी, कोणी सांगितलेले नसताना, 'मी ताईचे देणे २.' येणे सगळेच लिहून ठेवतात. स्वतःचे देणे आपणहून लिहिणारे मूल पाहून मी ते पान कितीतरी जणांना दाखवले होते. आईने ते कपाटात जपून ठेवले आहे. परवा रात्री मी ते काढून पाहिले.

मला धास्ती आहे ती वेगळीच. नकार मिळालेल्या माणसाला हेरणारे लोक असतात. कोणतीही चौकशी न करता तासाभरात कर्ज देतो म्हणणारा, मंजुरीसाठी आधी शुल्क भरायला लावणारा, फोनमधली सगळी नावे आणि छायाचित्रे उघडून मागणारा, यांपैकी कोणाच्याही दारात जाऊ नकोस. आधीच गेला असशील तर तेही सांग. मी ओरडणार नाही.

मी जामीन राहावे असे तुझ्या मनात होते, हे ताईकडून कळले. तू स्वतः मागितले नाहीस, यात अभिमान मानावा की काळजी करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मामाच्या वेळी मी सही केली होती. जामीनदाराची सही म्हणजे ते कर्ज त्याचेही होते. कर्जदार भरायचा थांबला की मागणी जामीनदाराच्या दाराशी येते. मामाने मला अर्धा आकडा सांगितला होता, उरलेला अर्धा नोटिशीत वाचला. तुला माहीत नसलेली गोष्ट पुढेच आहे. ते फेडण्यासाठी मी आणखी दोघांकडून उसने घेतले आणि दोन वर्षे तुझ्या आईला त्याचा पत्ता लागू दिला नाही. ती निळी वही तिला सापडली, तेव्हा तिच्या लक्षात आले की प्रत्येक पानावर रकमा आहेत आणि बेरीज कुठेच नाही. दुसऱ्यांच्या पै-पैची बेरीज करणाऱ्या माणसाने स्वतःची बेरीज दोन वर्षे टाळली होती. तिने एक शब्द न बोलता पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानावर ती करून ठेवली.

परवापासून मी समजत होतो, की तू माझ्यापासून आकडा लपवतो आहेस. काल ही वही आठवली आणि वाटले, तुलाही तो ठाऊक नसेल.

या रविवारी मी येतो. सगळे कागद एका पिशवीत भरून ठेव, न उघडलेली पाकिटेही त्यातच टाक. तू एकेक रक्कम वाच, मी लिहीन. सही करायची की नाही, ते त्यानंतर पाहू. मध्ये काही बोलणार नाही, असे वचन देत नाही, पण प्रयत्न करीन.

तुझा,
बाबा

ता. क. सूनबाईला हे सगळे ठाऊक आहे का, असे आई विचारते आहे. मी विचारत नाही.