पिपरहवाची रत्ने आणि सोपाऱ्याची खापरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पिपरहवाच्या स्तूपात बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने मायदेशी परतल्याची बातमी आपण ठळकपणे छापलीत. हाँगकाँगला 7 मे 2025 रोजी ठरलेला सदबीजचा लिलाव केंद्र सरकारच्या नोटिशीमुळे थांबला, मुंबईच्या गोदरेज समूहाने रत्ने विकत घेतली आणि 30 जुलैला ती भारतात आली. आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र परदेशी गेलेले धन परत आले एवढ्यावरच आपल्याकडची चर्चा थांबली. रत्ने मुळात अस्थींपासून वेगळी का झाली, हे पाहिल्याशिवाय परतीचा अर्थ लागत नाही, म्हणून हे पत्र.

नेपाळच्या सीमेजवळ, आजच्या उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात बर्डपूरची इंग्रजी जमीनदारी होती. तिथल्या विल्यम क्लॅक्स्टन पेपे याने जानेवारी 1898 मध्ये पिपरहवाचा टेकाडवजा स्तूप खणला. आत वाळूच्या दगडाची जवळजवळ सातशे किलो वजनाची पेटी निघाली. पेटीत पाच भांडी होती: चार मऊ दगडाची, एक स्फटिकाचे. स्फटिकाच्या झाकणाला मासोळीच्या आकाराची मूठ आहे. एका भांड्यावरच्या ब्राह्मी लेखाच्या वाचनावर विद्वानांचे अजून वाद आहेत. पण बहुतेकांनी लावलेला अर्थ असा की, भगवान बुद्धांचे हे शरीरावशेष शाक्यांनी, भावाबहिणी-बायकामुलांसह, इथे ठेवले आहेत. भांड्यांत आणि भोवती हाडांचे तुकडे, राख, मोती, पोवळी, जांभळे स्फटिक, पाना-फुलांच्या आकाराचे कोरीव खडे, सोन्याच्या पत्र्यावर उठवलेले सिंह आणि हत्ती.

पुढे सरकारी वाटणी झाली. अस्थी पूज्य, म्हणून सयामचे बौद्ध राजे चुलालोंगकोर्न यांना भेट. त्यांनी त्यातला वाटा श्रीलंका आणि ब्रह्मदेशालाही दिला. रत्ने प्राचीन वस्तू, म्हणून बहुतेक कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमकडे. त्यातही एकसारखे दिसणारे नमुने पुष्कळ आहेत असे ठरवून सुमारे पाचवा हिस्सा पेपेकडेच राहू दिला. एकाच पेटीतून निघालेल्या ऐवजाचे तीन भाग तीन दिशांना गेले, आणि हे सगळे 1878 च्या दफिना (पुरलेल्या धनाच्या) कायद्याला धरूनच झाले! हाँगकाँगला विक्रीस निघाला तो हा तिसरा भाग.

पेपेला सरसकट चोर म्हणणाऱ्यांत मी नाही. त्याने सापडलेले लपवले नाही, बहुतांश सरकारच्या हवाली केले. त्याच वर्षी त्याच मुलखात सरकारी पुरातत्त्व खात्याचा डॉक्टर फ्यूरर खोट्या अस्थी ब्रह्मी भिक्षूला विकताना पकडला गेला. त्याने बुद्धाचा म्हणून दिलेला दात घोड्याचा निघाला! त्याच्यापुढे पेपे सज्जनच. दोष माणसात शोधण्यापेक्षा त्या वाटणीमागच्या नजरेत शोधावा. हाड तेवढे धर्माचे, खडा कलेचा आणि कलेची वस्तू मालकीची, अशी ती नजर.

लिलावाच्या वेळी तीच नजर पुन्हा दिसली. पेपेच्या वंशजांच्या बाजूने सांगितले गेले की ही रत्ने म्हणजे देहधातू, म्हणजे शरीराचे अवशेष, नव्हेत, त्यामुळे ती विकण्याला धर्माची आडकाठी नाही. आणि लिलावाच्या जाहिरातीत काय होते? बुद्धाचे नाव, बुद्धाच्या अवशेषांशी असलेला संबंध! अपेक्षित बोली सुमारे दहा कोटी हाँगकाँग डॉलर. ही मोती-पोवळी दुसऱ्या कुठल्या शेतात सापडली असती तर त्यांना एवढी किंमत कोणी दिली नसती. थोडक्यात, मोल ठरवताना रत्ने अस्थींच्या पंगतीला बसवायची आणि विकताना मात्र अस्थींशी नाते नाही म्हणायचे.

बौद्ध परंपरेत या वाटणीला जागा कुठे आहे? परिनिर्वाणानंतर अस्थींवरून आठ दावेदारांत लढाई जुंपायची वेळ आली, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने समान आठ भाग करून दिले, हे बुद्धाच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात आहे. त्यानंतर द्रोणाने स्वतःसाठी काय मागितले? ज्या भांड्याने अस्थी मापल्या ते रिकामे भांडे. त्याने त्यावर स्तूप बांधला. उशिरा पोहोचलेल्या पिप्पलीवनाच्या मोरियांना चितेचे कोळसे मिळाले, त्यांनी त्यांवर बांधला. म्हणजे पहिल्या दहा स्तूपांपैकी दोघांत हाडाचा कणही नव्हता. बुद्धाने वापरलेल्या वस्तूंना, पात्राला, चीवराला पुढच्या बौद्धांनी 'पारिभोगिक' असा वेगळा वर्ग दिला आणि तो शारीरिक धातूंच्या शेजारी ठेवला. अस्थींसोबत वाहिलेले सोन्याचे फूल ही त्या अस्थींची पूजा आहे, आणि ती पूजा मांडणाऱ्याने कायमची मांडली होती. स्तूप बंद केला तो कोणी उघडावा म्हणून नाही.

वाटणीमागची ती नजर समजून घ्यायची तर 1910 च्या लंडनकडे जावे लागते. तिथल्या एका कलासंस्थेच्या सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी जावामधल्या बुद्धमूर्तीबद्दल म्हटले की, चरबी घालून उकडलेला पुडिंगचा गोळासुद्धा आत्म्याच्या शांतीचे प्रतीक म्हणून तितकाच शोभेल. हे बर्डवुड आपल्या बेळगावात जन्मलेले, मुंबईत नोकरी केलेले, भायखळ्याचे संग्रहालय उभे करण्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबरीने राबलेले. म्हणजे हिंदुस्थान त्यांना नवा नव्हता. त्यावर चित्रकार विल्यम रोदेनस्टाइन आणि इतर मिळून तेरा कलावंत-विद्वानांनी लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून निषेध केला आणि बुद्धमूर्तीला जगातल्या श्रेष्ठ कलेत बसवले. (संपादकांना पत्रे लिहिणाऱ्यांना अभिमान वाटावा असा हा प्रसंग!) ते पत्र योग्यच होते. पण बर्डवुड आणि त्यांचे विरोधक, दोघेही मूर्तीकडे पाहत होते ते ती सुंदर आहे की नाही एवढ्याच प्रश्नासाठी. तिच्यासमोर कोणी बसतो, फुले वाहतो, हा मुद्दा भांडणात नव्हताच. पश्चिमेने बुद्धकलेला आधी नाकारले, मग डोक्यावर घेतले. दोन्ही वेळा उपासक दाराबाहेरच राहिला.

तो आत आला तो सांचीच्या निमित्ताने. बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1851 साली सांची परिसरातल्या स्तूपांतून काढल्या. त्या पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जाऊन पडल्या. महाबोधी सभा या बौद्धांच्या संस्थेने त्या मागितल्यावर संग्रहालयाचा पवित्रा काय? अस्थी देतो, करंडक ठेवून घेतो. करंडक कलावस्तू आहेत. सभेने ते मानले नाही. ज्या करंडकात या अस्थी दोन हजार वर्षे राहिल्या तेही आम्हाला पूज्य आहेत, असा तिचा आग्रह होता. शेवटी संग्रहालयाने करंडकांच्या प्रतिकृती स्वतःजवळ ठेवल्या आणि मूळ करंडक अस्थींसह दिले. 1947 मध्ये ते लंडनहून निघाले आणि 1952 साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत सांचीच्या विहारात प्रतिष्ठापित झाले. सत्तर वर्षांपूर्वी हा निकाल लागलेला असताना 2025 मध्ये तो कोणाला आठवला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आता आपल्या दारातले. मी सोपाऱ्यात राहतो. आमच्या इथला 'बुरुड राजाचा कोट' एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला. जुनागडचा हा माणूस भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेला, ब्राह्मी वाचण्यात त्या काळी अव्वल. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती तांब्याच्या आठ छोट्या मूर्ती: मैत्रेय (पुढे होणारा बुद्ध) आणि सात बुद्ध. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. आणि सोन्याच्या त्या सर्वांत आतल्या करंडकात होते काय? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले असावेत, असे पंडितजींनी अनुमान केले.

सोपाऱ्याला हाड नाहीच! पिपरहवाची वाटणी इथे लावली असती तर सोने-स्फटिक कलाविभागात गेले असते आणि खापरे कचऱ्यात. सुदैवाने तसे झाले नाही. बहुतेक ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे एकत्र राहिला. तो नीट जपला, याबद्दल सोसायटीचे ऋण मानायलाच हवे. पण बुद्धपौर्णिमेला शुभ्र कपड्यांत सोपाऱ्याच्या कोटाला येणाऱ्या माणसाला विचारा, या स्तूपातून काय निघाले आणि ते कुठे आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. ज्यांना सांगता येते त्यांच्यापैकीही किती जणांनी ते पाहिले असेल?

चैत्यभूमीचा विचार करा. दादरला बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. उद्या कोणी म्हणाले की अस्थी राहू द्या, कलश तेवढा कलावस्तू म्हणून संग्रहालयाला द्या, तर 6 डिसेंबरला रात्रभर रांगेत उभा राहणारा माणूस काय म्हणेल? त्याला द्रोण ब्राह्मणाची कथा सांगण्याची गरज पडणार नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे आणि गोदरेज समूहाकडे. परत आलेल्या रत्नांचा मोठा भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाच वर्षांसाठी ठेवायचा आहे, असे जाहीर झाले आहे. पाच वर्षांनी काय, हेही आताच जाहीर व्हावे. त्याच पिपरहवात 1970 च्या दशकात के. एम. श्रीवास्तव यांनी आणखी खाली खणून काढलेल्या अस्थी आपल्याकडेच आहेत, 1898 ची बहुतेक रत्ने कलकत्त्यात आहेत. हे तिन्ही एखाद्या प्रदर्शनापुरते नव्हे, तर कायमचे एका छताखाली यावेत, आणि तिथे काचेसमोर बसून वंदना म्हणण्याची मुभा असावी. 2012 मध्ये श्रीलंकेला आणि 2022 मध्ये मंगोलियाला कपिलवस्तूच्या, म्हणजे पिपरहवाच्याच, अस्थी गेल्या तेव्हा आपण तसा मान दिलाच. पाहुण्यांना जे देतो ते घरच्या उपासकाला का नको?

दुसरी मागणी राज्य सरकारकडे आणि सोसायटीकडे आहे. सोपाऱ्याच्या करंडकासाठी, मुंबईत असो वा सोपाऱ्यात, सुरक्षेची पूर्ण व्यवस्था असलेले आणि वर्षभर खुले असे एक दालन असावे. मूळ ऐवज हलवणे जोखमीचे वाटत असेल तर आधी कोटाजवळ हुबेहूब प्रतिकृती आणि मराठीत नीट माहिती देणारा फलक तरी लावावा. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच सोपाऱ्याचा. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्याचाही उल्लेख त्या फलकावर असावा. विरार लोकलने येणाऱ्याला सोपारा हे नुसते स्टेशन वाटते, त्याला एवढे तरी कळेल. या कामासाठी गावातली आम्ही काही मंडळी लागेल तेवढा वेळ द्यायला तयार आहोत.

आपला,
एक वाचक, नालासोपारा (पश्चिम)