ट्रेनिंग देणाऱ्या मॅडमना जाहीर थँक्यू

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव इथे मुद्दाम टाकत नाहीये, का ते तुम्हाला सांगायला नको. पण आभार जाहीरच मानायचे होते, कारण सेन्सॉरच्या कात्रीखाली काम करणाऱ्या बऱ्याच रिपोर्टरना वाटतं की मानवी हक्कांवर बातमी करायची म्हणजे एकतर आत जायचं नाहीतर गप्प बसायचं.

वर्कशॉपला येताना मला वाटलेलं संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्यातलं मत मांडायच्या स्वातंत्र्याचं कलम १९, टाळ्या, सर्टिफिकेट, संपलं. तुम्ही कलम १९ पटकन उरकलंत (त्याबद्दल वेगळे आभार) आणि सरावासाठी काढलेला एक फोटो स्क्रीनवर लावलात, चेहरा ब्लर केलेला, म्हणालात आता हा कोण ते शोधा. आणि शोधला की आम्ही! मागच्या खिडकीची जाळी, मनगटावरचं गोंदण, वर फोटोच्या फाइलमध्ये लोकेशन तसंच पडलेलं. त्यानंतर कुणाचाही फोटो छापायला देताना आधी मागची भिंत बघतो.

मुलाखतीचंही तसंच. "तुम्हाला मारलं का?" असं विचारायचं नाही, "मग पुढे काय झालं?" एवढंच. समोरच्याने स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळं लिहायचं, आणि छापायच्या आधी होकार परत एकदा घ्यायचा, कारण रडता रडता दिलेला होकार दुसऱ्या दिवशी तसाच असेल असं नाही. इस्तंबूल प्रोटोकॉल, म्हणजे छळाची चौकशी आणि नोंद कशी करायची त्याची संयुक्त राष्ट्रांची पुस्तिका, खरं तर डॉक्टर-वकिलांच्या कामाचा, पण त्यातला जखमांच्या नोंदींचा भाग तुम्ही आमच्याकडून वाचून घेतलात, म्हणून आता नुसतं "मारहाणीच्या खुणा" लिहून भागत नाही, कुठे, केवढ्या, कुठल्या रंगाच्या ते लिहावं लागतं.

पण सगळ्यात कामी आली ती जिनिव्हाची युक्ती. तिथल्या मानवी हक्क परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाचा काही वर्षांनी आढावा होतो आणि सरकारने कुठल्या शिफारशी मान्य केल्या ते जाहीर कागदावर असतं, ते कागद काढायचे आणि सरकारचाच शब्द बातमीत सगळ्यात वर ठेवायचा. कोठडीतल्या मृत्यूची माझी बातमी सेन्सॉरकडे गेली तेव्हा पहिलाच परिच्छेद आपल्याच शिष्टमंडळाने तिथे दिलेल्या आश्वासनाचा, तो कापणार कसा? खालचे दोन गेले, तो छापून आला. (दरवेळी चालेल असं नाही हां, काही साहेब मंत्र्यालाही कापतात.)

आणि तो पिडणारा सराव! आधी बातमी पूर्ण लिहा, मग कापा, आणि प्रत्येक कापलेल्या ओळीशेजारी लिहा कुणी कापली: कायद्याने, संपादकाने, माणूस अडचणीत येईल म्हणून, की नुसत्या भीतीने. माझ्या कागदावर भीतीचीच रांग लागलेली, सेन्सॉरवाल्याला करायला कामच उरलं नव्हतं. तो कागद कुणाला दाखवायचा नाही, फाडून टाका म्हणालात, हे मला फार आवडलं.

पुढची बॅच कधी घेताय ते कळवा, फोनवर नको, नेहमीसारखंच. आमच्या डेस्कवरचे दोघं पाठवायचेत, त्यातला एक भलताच उतावळा आहे, त्याला पहिल्या रांगेत बसवा.

तुमचाच,
मागच्या बाकावरचा