कॅल्शियम नॉर्मल, मग हाडे ठणठणीत?

संपादक महोदय,

पन्नाशीतल्या बाईच्या चेकअप रिपोर्टवर कॅल्शियम ९.४ दिसले की ‘हाडे उत्तम’ असे घरात ठरूनच जाते. हा समज महागात पडतो. रक्तातले कॅल्शियम ८.५ ते १०.५ च्या आसपास ठेवल्याशिवाय हृदय आणि स्नायू नीट चालत नाहीत. म्हणून खाण्यातून ते कमी पडले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांतून उचलून रक्तात आणते. हाडे पोखरली जात असतानाही आकडा नॉर्मलच राहतो.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटते आणि हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. नवे हाड भरण्याचे कामही वाढते, पण ते मागे पडते. रक्तातली झिजेची खूण असलेला सीटीएक्स जवळपास दुपटीला जातो, तर भरणीची खूण असलेला पी-वन-एनपी दीडपटीच्या आसपास थांबतो. सुरुवातीच्या काही वर्षांत हाडे सर्वांत वेगाने विरळ होतात ती या तफावतीमुळे.

सीटीएक्सची चाचणी होते, पण नमुना कधी घेतला हे कुणी विचारत नाही. पहाटे त्याची पातळी सर्वांत जास्त असते आणि चहा-नाश्ता होताच उतरते. दुपारी जेवून रक्त दिले तर झीज कमी असल्याचा खोटा दिलासा मिळतो. रात्रभर उपाशी राहून सकाळी ८ ते १० मध्येच रक्त द्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी थांबवाव्यात, त्यांनी आकडा चुकू शकतो. फ्रॅक्चरनंतर कित्येक महिने पातळी चढलेलीच असते.

अर्थात ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे, निदान सीटीएक्सवरून होत नाही. त्यासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) लागतो, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की निदान होते. शिबिरात टाचेवर लावतात त्या यंत्राला हा निकष लागू नाही. म्हातारपणी मणक्याला हाड वाढलेले असले तर तिथला स्कोअर उगाच चांगला येतो, तेव्हा खुब्याचा आकडा पाहावा. सीटीएक्स खरा उपयोगी पडतो उपचार सुरू झाल्यावर. गोळी लागू पडते आहे का, हे तो तीन महिन्यांत सांगतो, डेक्साला वर्ष-दोन वर्षे लागतात.

लॅबचालकांना कळकळीची विनंती: रिपोर्टवर नमुन्याची वेळ आणि ‘उपाशीपोटी होय/नाही’ ठळक छापा.

– एक वाचक