या सत्रात दोनच विषय

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

मी या सत्रात दोनच विषय घेतलेत हे कळल्यापासून बाबा गप्प आहेत, आणि आईचा प्रत्येक फोन "झेपत नसेल तर सोड हो" यावर संपतोय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाहेरून करतेय ती ही पदवी श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिट्सवर मिळते. युरोपातल्या पद्धतीत पूर्णवेळ वर्षाचे ६० श्रेयांक, आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम. वाचन, स्वाध्याय, परीक्षेची तयारी सगळं त्यात आलं. निम्मे घेतले तरी वर्षभर आठवड्याला पंधरा-सतरा तास होतात. ऑफिस आणि घर सांभाळून ते कुठून काढणार? मिळवलेले श्रेयांक खात्यावर राहतात. पदवी पुरी करायला कमाल मुदत असते, ती बघूनच हिशेब केलाय.

बाहेरून केलेल्या पदवीवर बाबांचा फारसा विश्वास नाही, ठाऊक आहे. पण ही आजकालची टूम नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरून परीक्षा द्यायची सोय केली. मंडेलांनी तुरुंगातून अभ्यास करून कायद्याची पदवी मिळवली ती १९८९ मध्ये. आई, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. माझी तर आत्ता कुठे चाळिशी!

जागरणं मात्र आता जमत नाहीत, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये डुलक्या येतात. त्यामुळे पहाटेचा तास, आणि पद्धत बाबांचीच. धडा वाचला की पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं वहीत उतरवायचं, राहिलेलं लाल पेनाने भरायचं. संख्याशास्त्राची पानं बहुतेक लालच असतात. बाबा, तुम्ही हातातलं पुस्तक काढून घेऊन "आता सांग" म्हणायचात ना, तेव्हा भयंकर राग यायचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर पुस्तक मिटून आठवणारे.

वैताग आहे तो गटाच्या प्रकल्पाचा. एकाची रात्रपाळी, एकीचं बाळ तान्हं. सगळ्यांना जमेल अशी वेळ काढण्यातच निम्मा जीव जातो.

शनिवारी सकाळी वर्ग असतो. तेव्हा फोन उचलला नाही तर घाबरू नका, संध्याकाळी मीच करीन.

तुमची,
लेक