बिबट्या दिसला, कळवलं, पुढे काय?

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सादर नमस्कार.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या उसाच्या पट्ट्यातून हे पत्र लिहितो आहे. आमच्याकडे बिबट्या दिसल्याचं आता कुणाला अप्रूप नाही. बातमी होते ती माणूस गेल्यावर. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं होती. मग मंचरला महामार्ग अडला, नेमबाज आले, बिबट्या मारला गेला आणि चॅनेलवाल्यांच्या गाड्या परत गेल्या.

माझं म्हणणं त्याआधीच्या दिवसांबद्दल आहे, जेव्हा तो नुसता दिसत असतो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला गेलेल्याला बॅटरीच्या उजेडात डोळे चमकताना दिसतात. पहाटे डेअरीला निघालेल्याच्या गाडीपुढून काहीतरी आडवं जातं. ही माहिती जाते कुठे? गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दुपारपर्यंत तिला एआयने बनवलेला फोटो चिकटतो, संध्याकाळी तो खोटा ठरतो, आणि त्या खोट्याबरोबर सकाळी खरं बोललेला माणूसही खोटा पडतो.

वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे, चांगली गोष्ट आहे. पण कळवणाऱ्याला उलट उत्तर मिळायला हवं. प्रत्येक खबरीला नोंद क्रमांक द्या, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत वनरक्षकाने जागा पाहावी, आणि ‘बिबट्याच होता’, ‘नव्हता’ किंवा ‘ठरवता आलं नाही’ एवढं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं. तिसरं उत्तरही चालेल, साहेब. उत्तरच नसलं की लोक आपापलं बनवतात.

जागा पाहणं म्हणजे फार मोठं काम नव्हे. पाटाच्या कडेला ओल्या मातीत ठसा स्वच्छ उमटतो. कुत्र्याच्या आणि तरसाच्या पंज्यापुढे नखांचे टोचे दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती सहसा नसतात. पोलीस पाटील, वायरमन, दूध गोळा करणारे यांना एका दुपारी शिकवता येईल. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला तर मापही कळतं. चार-सहा दिवस पाण्यात, उन्हात गेल्यावर मात्र तिथे वाचण्यासारखं काही उरत नाही.

हे का मागतोय? कारण नोंद नसली की आमच्या हातात एकच मागणी उरते, पिंजरा लावा. पिंजऱ्यात शेळी बांधली की आत शिरतो तो त्या वाटेने जाणारा कुठलाही बिबट्या. त्याला माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात नेतात, आमचा राग शमतो, आणि ज्याची भीती होती तो उसातच असू शकतो. 2001 नंतर जुन्नरमधून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढल्याचं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं. त्यांनीच पुढे अकोले तालुक्यात कॅमेरे लावले, तर शेती-वस्तीच्या त्या भागात 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले. म्हणजे दिसणं थांबणार नाही. कोणता, कुठे, किती वेळा, माणसाला पाहून पळतो की थांबतो, हे कळलं तर पिंजरा आणि कॅमेरा नेमका कुठे लावायचा ते ठरेल.

यात एक माणूस कायम सुटतो, तो म्हणजे ऊसतोड कामगार. कोप्या (त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या) फडाच्या कडेला, पोरं उघड्यावर. बिबट्याची पिल्लं सापडतात तीही बहुधा त्यांनाच, कोयता चालवताना. पिल्लं तिथेच क्रेटमध्ये ठेवली तर आई बऱ्याचदा रात्री येऊन घेऊन जाते. हे तुमचे कर्मचारी जाणतात, टोळीला कोण सांगणार? तोडकरी गावच्या ग्रुपमध्ये नाहीत, इथल्या मतदार यादीत तर नाहीतच. मुकादमाकडे 1926 लिहिलेला कागद आणि कोपीवर दिवा, एवढं साखर कारखान्यांवर बंधनकारक करा.

मृताच्या वारसांना 25 लाख मिळतात, पण जीव वाचवायचा तर रात्री पाणी धरायला जाणं थांबायला हवं. शेतीला दिवसा वीज देण्याचं आश्वासनही सरकारचंच आहे, ते ऊर्जा खात्याला आपण आठवण करून द्यावी.

नोंदीचं काम या चार तालुक्यांत येत्या गाळप हंगामाआधी सुरू करावं आणि पहिल्या महिन्याच्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात, ही विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक
ता. शिरूर, जि. पुणे